पनवेलचा फ्लॅट आणि मोबाइलमधली यादी

मोबाइलमधल्या कामांच्या यादीत काही ओळी महिनोन्‌महिने जागच्या हलत नाहीत. ‘लाइट बिल’, ‘गॅस बुक करणे’, ‘आईच्या गोळ्या’ या ओळी येतात आणि जातात. ‘पनवेलचा फ्लॅट’, ‘गावच्या जमिनीची वारस नोंद’, ‘ताईचे लग्न’ या मात्र ठाण मांडून बसतात. रोज सकाळी दिसतात आणि रोज रात्री उद्यावर ढकलल्या जातात. माणसे याबद्दल स्वतःला आळशी म्हणवून घेतात. माझ्या मते दोष आळसाचा नसून लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. ‘लाइट बिल’ हे दोन मिनिटांत होणारे काम आहे. ‘पनवेलचा फ्लॅट’ या दोन शब्दांत तीस-चाळीस कामे दडलेली आहेत. त्यातली निम्मी आपल्या हातात नाहीत आणि उरलेल्यांतली बरीचशी आज करताच येणार नाहीत. अशी ओळ वाचून हात कुठल्याच कामाकडे वळत नाही, कारण तिच्यात करण्याजोगे काही लिहिलेलेच नसते.

पनवेल तालुक्यातलाच नवी मुंबई विमानतळ पाहा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पर्यावरण मंजुरी मिळाली होती २०१० मध्ये, भूमिपूजन झाले फेब्रुवारी २०१८ मध्ये. ‘विमानतळ बांधणे’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धावपट्टी येते. पण धावपट्टीच्या आधी उलव्याची टेकडी फोडून जमीन सपाट करायची होती, उलवे नदीचा प्रवाह वळवायचा होता, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवायच्या होत्या आणि सगळ्यांत अवघड म्हणजे दहा गावांचे पुनर्वसन करायचे होते. यातले प्रत्येक काम वेगळ्या यंत्रणेचे, वेगळ्या कागदांचे आणि वेगळ्या मुदतीचे. एवढ्या मोठ्या कामात जे उघड दिसते ते घरच्या कामात आपण विसरतो. फ्लॅट म्हटले की हातात आलेली किल्ली दिसते, आणि किल्लीच्या आधीची टेकडी यादीत येतच नाही.

डेव्हिड ॲलन या अमेरिकी सल्लागाराने २००१ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात एक सोपी कसोटी दिली आहे: जे एकाहून अधिक कृतींशिवाय पूर्ण होत नाही तो प्रकल्प. या हिशेबाने ‘गॅस शेगडी दुरुस्त करून घेणे’ हासुद्धा छोटा प्रकल्प ठरू शकतो. इतके काटेकोर व्हायची गरज नाही. पण एखादी ओळ तीन-चार दिवस पुढे ढकलली गेली, तर ती काम नसून प्रकल्प आहे असे समजावे आणि तिला यादीतून उचलून स्वतःची जागा द्यावी. टूडूइस्टमध्ये तिला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात, गूगल टास्क्समध्ये आणि मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘लिस्ट’. नाव कोणतेही असो, तिथे त्या एकाच गोष्टीची कामे राहतात.

आता एक घर डोळ्यांसमोर ठेवू. समजा, डोंबिवलीला भाड्याने राहणारे कुटुंब न्यू पनवेलमध्ये जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेत आहे. नवरा फोर्टला नोकरीला आहे, बायकोला पनवेलच्या शाळेत नोकरी लागली आहे, मुलगी सातवीत जाणार आणि सोबत सासू-सासरे. पनवेलमध्ये अशी घरे मुबलक सापडतील. १८५२ सालच्या नगरपालिकेचे हे गाव २०१६ च्या १ ऑक्टोबरला रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाले, आणि खारघर, कामोठे, कळंबोलीपासून जुन्या पनवेलपर्यंत माणसे बाहेरून येऊन घरे घेतच आहेत. या कुटुंबाची यादी सुरुवातीला साधारण अशी असते: फ्लॅटचे पेपर, लोन, सोसायटी, रंग, सामान, शाळा. सहा ओळी, आणि एकही करता येण्याजोगी नाही.

आधी टप्पे, मग कामे

बहुतेक जण इथे एक चूक करतात. विषयवार मथळे पाडतात: ‘बँक’, ‘वकील’, ‘सोसायटी’, ‘सिडको’, ‘महावितरण’. कागदावर ते नीटनेटके दिसते, पण वापरताना पंचाईत होते. प्रत्येक मथळ्याखाली एक काम आजचे, एक दोन महिन्यांनंतरचे आणि एक गृहप्रवेशानंतरचे असते. यादी उघडल्यावर आज कशाला हात घालायचा ते पुन्हा शोधावेच लागते. त्यापेक्षा काळाच्या क्रमाने टप्पे पाडावेत. या घरासाठी पाच टप्पे पुरतात: तपासणी, करार व रजिस्ट्रेशन, ताबा, दुरुस्ती व सामान, पत्ता-बदल. टूडूइस्टमध्ये हे ‘सेक्शन’ होतील. ज्या ॲपमध्ये सेक्शन नाहीत तिथे प्रत्येक टप्पा हे मुख्य काम आणि त्याखाली उपकामे अशी मांडणी करता येते.

पहिल्या टप्प्याखाली काय येईल? मूळ करारनामा आणि इंडेक्स टू यांच्या प्रती विकणाऱ्याकडून घेणे. वकिलाला सर्च रिपोर्टसाठी देणे. विकणाऱ्याचे कर्ज बाकी आहे का ते विचारणे, असेल तर बँकेचे थकबाकीचे पत्र मागणे. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून देखभाल खर्चाची थकबाकी विचारणे आणि हस्तांतरणासाठी काय काय लागते त्याची यादी घेणे. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोची परवानगी लागेल का, किती शुल्क आणि किती दिवस, हे विचारणे. ‘विचारणे’ हे क्रियापद इथे वारंवार येते, आणि ते यायलाच हवे. मोठ्या कामाच्या सुरुवातीला आपल्याला पुढची पायरी माहीत नसते. अशा वेळी उपकाम म्हणून पुढची पायरी लिहिण्याचा हट्ट न धरता, ती कोणाला विचारायची ते लिहावे. विचारून आल्यावर उत्तरातूनच पुढची चार उपकामे निघतात.

म्हणूनच पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस उपकामे लिहून काढण्याच्या मी विरोधात आहे. हाताशी असलेला टप्पा पूर्ण फोडावा, त्याच्या पुढचा अर्धवट फोडावा आणि बाकीच्यांची नुसती नावे ठेवावीत. पाचव्या टप्प्याचे सगळे तपशील आज लिहिले तर त्यातले निम्मे पुढे बदलणार, आणि लांबलचक यादी पाहून ती उघडण्याची इच्छाच राहणार नाही.

पातळ्या किती असाव्यात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. टूडूइस्टमध्ये उपकामाचे उपकाम आणि त्याचेही उपकाम करता येते. गूगल टास्क्समध्ये एकच पातळी मिळते. ती मर्यादा मला वरदान वाटते. मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर तिसऱ्या पातळीची ओळ उजवीकडे सरकून जाते आणि नजरेतून सुटते. प्रकल्प, काम, उपकाम, बस्स. त्याखाली उतरायची गरज वाटली तर ते उपकाम मोठे झाले आहे असे समजावे आणि त्याचा वेगळा प्रकल्प करावा. गृहकर्जाचे नेमके असेच होते. ‘लोन’ हे आधी एक उपकाम असते. पण त्याची कागदपत्रे स्वतंत्र, मुदती स्वतंत्र आणि पलीकडचा माणूसही स्वतंत्र, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात ते वेगळे काढलेले बरे.

ओळ कशी लिहावी

उपकामाची ओळ अशी असावी की पंधरा दिवसांनी, धावपळीत, दुसऱ्याच कोणी वाचली तरी काय करायचे ते कळावे. ‘सोसायटी एनओसी’ ही ओळ वाचून प्रश्न पडतात: अर्ज करायचा आहे की केला आहे? कोणाला भेटायचे? ‘एनओसीचा अर्ज द्या, सेक्रेटरी’ ही ओळ वाचून प्रश्न पडत नाही. ओळीत क्रियापद असलेच पाहिजे.

मराठीत लिहिताना इथे एक अडचण येते आणि तिचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन वीजमीटरवरचे नाव बदलण्याचा अर्ज भरणे’ ही ओळ व्याकरणाने उत्तम आहे, पण मोबाइलच्या सूचनेत ती ‘महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन…’ इथेच तुटते आणि करायचे काय तेच दिसत नाही. म्हणून क्रिया पुढे आणावी आणि ओळ पाच-सहा शब्दांत बसवावी: ‘नाव-बदल अर्ज भरा: महावितरण’. ग्राहक क्रमांक, कार्यालयाची वेळ, लागणारी कागदपत्रे हे सारे त्या कामाच्या खालच्या टिपणात जावे. प्रत्येक ॲपमध्ये त्यासाठी जागा असते आणि ती बहुतेक जण रिकामी ठेवतात. खिडकीपाशी उभे राहून ‘एक मिनिट हं, नंबर शोधतो’ म्हणण्याची वेळ या टिपणामुळे टळते. फक्त आधार क्रमांक, बँकेचे पासवर्ड अशा गोष्टी यादीत कधीही लिहू नयेत, विशेषतः यादी घरच्यांशी वाटून घेतली असेल तर.

टंकलेखनाचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येते. वकिलाच्या ऑफिसमधून खाली उतरता उतरता, त्यांनी सांगितलेले विसरायच्या आत, तिथेच बोलून ठेवावे. संध्याकाळी घरी बसून ते नीट करता येईल.

अडवणारे काम ओळखा

पनवेल स्टेशनवरून सावंतवाडी-मडगावकडे जाणाऱ्या गाड्या पाहताना कोकण रेल्वेचे बांधकाम आठवावे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग सात विभागांत वाटला होता. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकावर स्वतंत्र मुख्य अभियंता. महाड, रत्नागिरी, कुडाळ, कारवार, उडुपी, सगळीकडे एकाच वेळी कामे सुरू झाली. एवढ्या मोठ्या कामाचे तुकडे पाडण्याचा हा उत्तम नमुना आहे. पण पूर्ण मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडले, आणि त्याचे मोठे कारण गोव्यातला पेडण्याचा बोगदा होते. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पण मऊ, पाणी धरणारी माती लागली, खोदलेले पुन्हा ढासळू लागले आणि ते काम वर्षानुवर्षे चालले. बोगद्याच्या दोन्ही बाजूंचा मार्ग तयार होत आला तरी आरपार गाडी जाईना.

प्रत्येक घरगुती प्रकल्पात एक पेडणे असते. ते ओळखण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक उपकामापुढे स्वतःला विचारा: हे थांबले तर आणखी काय काय थांबेल? रंगकाम थांबले तर फार तर सामान हलवणे आठवडाभर पुढे जाईल. सोसायटीचे किंवा सिडकोचे ना-हरकत पत्र थांबले तर बँक पैसे सोडणार नाही, बँकेने पैसे सोडले नाहीत तर ताबा नाही, ताबा नाही तर रंगही नाही आणि जूनमधली शाळाही नाही. म्हणजे पेडणे तिथे आहे. त्या एकाच कामाला लाल रंगाचा सर्वोच्च प्राधान्यक्रम द्यावा. इतर कशालाही देऊ नये. ज्या यादीत दहा कामे लाल असतात तिथे लाल रंगाला काही अर्थच उरत नाही. आणि आठवड्यातला पहिला फोन, पहिला अर्ज, पहिली रजा त्या लाल कामासाठी खर्च करावी, मग ते कितीही कंटाळवाणे असो. पडद्यांचे कापड निवडणे जास्त आनंदाचे असते, म्हणून घरोघरी पडदे आधी ठरतात आणि ना-हरकत पत्र मागे राहते.

तारीख कोणाला द्यायची

ही ॲप्स तारीख लावणे फार सोपे करून ठेवतात, त्यामुळे माणसे सगळ्याच ओळींना तारखा लावतात. मग रोज सकाळी ‘मुदत उलटली’ म्हणून लाल अक्षरांतल्या चौदा ओळी समोर येतात. आठवड्याभरात डोळा त्या लाल अक्षरांना सरावतो आणि खरी मुदतसुद्धा त्यात हरवते. माझा आग्रह आहे की तारीख फक्त अशाच कामाला द्यावी, जे त्या दिवशी झाले नाही तर खरोखर काही नुकसान होईल.

अशा खऱ्या मुदती घराच्या व्यवहारात थोड्याच असतात, पण त्या कडक असतात. करारनाम्यावर सह्या झाल्यावर नोंदणी कायद्यानुसार चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो, त्यानंतर दंड. व्यवहार ५० लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा असतो. हे काम विकणाऱ्याचे आहे असे समजून पुष्कळ जण विसरतात आणि मग व्याज व विलंबशुल्क भरतात. कर्ज मंजुरीचे पत्र ठरावीक काळापुरतेच वैध असते. ती तारीख पत्रावरच छापलेली असते, ती तशीच यादीत उतरवावी. अशा प्रत्येक मुदतीच्या दहा दिवस आधीची एक आठवण वेगळी लावावी, कारण शेवटच्या दिवशी नोंदणीची वेळ मिळेलच असे नाही.

नवी इमारत असेल तर यादीत आणखी एक ओळ हवी, आणि ती बहुतेकांच्या मनातही येत नाही. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. किल्ली मिळाली त्याच दिवशी साडेचार वर्षांनंतरच्या तारखेला एक काम लिहून ठेवा: ‘गळती, तडे तपासा, बिल्डरला लेखी कळवा’. डिजिटल यादीचा कागदी वहीपेक्षा खरा फायदा मला इथे दिसतो. वही साडेचार वर्षांनी कुठे असेल कोण जाणे. यादीतली ती ओळ त्या सकाळी समोर येईल.

उरलेल्या कामांचा क्रम शेवटाकडून मागे मोजत लावावा. या कुटुंबासाठी शेवट म्हणजे १५ जूनच्या आसपास उघडणारी मुलीची शाळा. पनवेलला पाऊस सुरू झाल्यावर टेम्पोतून कपाट-गाद्या हलवणे म्हणजे नुकसान, म्हणून सामान मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हलले पाहिजे. त्याच्या आधी रंग, त्याच्या आधी बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, आणि वास्तुशांत करायची असेल तर सासूबाईंना हवा असलेला मुहूर्त. मुहूर्ताचा दिवस गुरुजींकडून आधी घ्यावा. तो हलत नाही आणि बाकीची कामे त्याच्याभोवती बसवता येतात.

‘वाट पाहणे’

आपल्याकडच्या कुठल्याही कागदी कामात स्वतः करण्यापेक्षा दुसऱ्याकडून होण्याची वाट पाहणे जास्त असते. अर्ज दिला, पुढे काय? बहुतेक जण अर्ज दिल्यावर ते काम पूर्ण झाले अशी खूण करून टाकतात, आणि महिन्याने आठवते की पत्र काही आलेच नाही. अर्ज देणे हे एक काम, पत्र हातात येणे हे दुसरे. पहिल्यावर खूण करतानाच दुसरे लिहावे: ‘वाट: सोसायटी एनओसी, अर्ज दिला ३ मार्च, आठवण १० मार्च’. कोणाकडे आहे, कधीपासून आहे आणि पुन्हा कधी विचारायचे, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. अर्जाची पोच दिली असेल तर तिचा फोटो त्याच ओळीला जोडावा. फोन करताना ‘मागेच दिलाय हो’ म्हणण्यापेक्षा ‘काका, ३ तारखेला अर्ज दिला होता, पोच माझ्याकडे आहे, कमिटीची मीटिंग कधी आहे?’ असे म्हटले तर काम पुढे सरकते.

या सगळ्या ओळींना ‘वाट’ असे एकच लेबल द्यावे. मग प्रकल्प कुठलाही असो, कोणाकोणाकडे आपले काय अडकले आहे ते एका बोटाच्या स्पर्शात दिसते. साऱ्या लेबलांत मला हे सर्वांत उपयोगाचे वाटते.

दुसरी लेबले जागेची असावीत. पनवेलकराच्या दृष्टीने ती साधारण चार होतात: ‘बेलापूर’, ‘जुने पनवेल’, ‘लोकल’ आणि ‘घर’. सिडको भवन बेलापूरला, अनेक सरकारी कार्यालये कोकण भवनात, म्हणून तिथली सगळी कामे एका फेरीत. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. फोर्टला नोकरी करणाऱ्याला त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सरकारी कामासाठी रजा टाकावी लागते. एका रजेत एकच काम करून परत येणे ही चैन परवडणारी नाही. रजेच्या आदल्या रात्री ‘बेलापूर’ हे लेबल उघडावे, तीन-चार कामे एकत्र करावीत आणि प्रत्येकाचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये लावावेत. ‘लोकल’ या लेबलाखाली वाचायची आणि लिहायची कामे यावीत: करारनाम्याचा मसुदा वाचणे, पेंटरच्या दोन कोटेशनची तुलना करणे, ईमेलला उत्तर देणे. पनवेल ते सीएसएमटी हार्बरचा प्रवास सव्वा तासाहून अधिक आहे आणि पनवेलहून बसायला जागा मिळते. फोन करायची कामे मात्र त्यात टाकू नयेत, बोगी भरल्यावर ती होत नाहीत.

ॲपच्या खाचाखोचा

कोणते ॲप घ्यावे यावर मी वेळ घालवणार नाही. फोनमध्ये जे आधीच आहे त्याने सुरुवात करावी. पण उपकामांच्या बाबतीत प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो माहीत नसेल तर कामे हरवतात.

मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये कामाच्या आत ‘स्टेप्स’ लिहिता येतात, पण स्टेपला स्वतःची तारीख लावता येत नाही. म्हणजे टीडीएस भरण्याची ओळ स्टेप म्हणून लिहिली तर तिची आठवण कधीच येणार नाही. मुदतीचे काम तिथे स्वतंत्र कामच असले पाहिजे, आणि स्टेप्स फक्त ‘सोबत न्यायचे कागद’ अशा याद्यांसाठी ठेवाव्यात. त्याचा मोठा गुण म्हणजे यादी घरच्यांशी सहज वाटून घेता येते. गूगल टास्क्स कॅलेंडरशी आणि जीमेलशी छान जोडलेले आहे. बँकेचा ईमेल तिथल्या तिथे काम म्हणून टाकता येतो. एकट्याने वापरायला ते चांगले, कुटुंबासाठी अपुरे. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये २०१९ पासून उपकामे आहेत. टूडूइस्टमध्ये सेक्शन, लेबल, उपकामाला स्वतंत्र तारीख आणि जबाबदार व्यक्ती, सगळे आहे, पण विनामूल्य आवृत्तीत प्रकल्पांच्या संख्येवर मर्यादा आहे.

एक खाच मात्र जपून राहावे अशी आहे. गूगल टास्क्स आणि टूडूइस्टमध्ये मुख्य कामावर पूर्ण झाल्याची खूण केली की त्याखालची सगळी उपकामेही पूर्ण समजली जातात आणि नजरेआड होतात. ‘रजिस्ट्रेशन’ झाल्याच्या आनंदात त्या ओळीवर खूण केली आणि तिच्या पोटात ‘इंडेक्स टू डाउनलोड करा’ बाकी होते, असे होऊ शकते. मुख्य ओळीवर खूण करण्याआधी ती उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

घरातल्या सगळ्यांना ॲप वापरायला लावण्याच्या भानगडीत पडू नये. सासूबाई टूडूइस्ट उघडणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. यादी एकाने सांभाळावी, दोघांनी पाहावी आणि बाकीच्यांपर्यंत त्यांचे काम त्यांच्या नेहमीच्या वाटेने पोहोचवावे. व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरते: ‘आई, गुरुवारी अकराला गॅसचा माणूस येणार आहे, तुम्ही घरी असाल ना?’ पण तसा निरोप पाठवला तरी मूळ काम यादीत राहिले पाहिजे. ग्रुपमधल्या शुभेच्छांच्या पुराखाली कामाचे निरोप बुडतात.

शेवटचा टप्पा, पत्ता-बदल, सगळ्यांत दुर्लक्षित असतो. राहायला गेल्यावर प्रकल्प संपला असे वाटते. प्रत्यक्षात सोसायटीच्या भागदाखल्यावर नाव चढणे, महापालिकेच्या मालमत्ता करात नाव बदलणे, वीजमीटर, आधार, रेशन कार्ड, बँका, विमा, मतदार यादीसाठी नमुना ८, एवढे बाकी असते. यातले मालमत्ता कर आणि भागदाखला हे दोन राहून गेले तर दहा वर्षांनी घर विकताना किंवा वारसांना मिळताना त्रास होतो. म्हणून शेवटच्या उपकामावर खूण होईपर्यंत प्रकल्प बंद करू नका. बंद केल्यावर तो पुसूनही टाकू नका, अर्काइव्ह करा. पुढे भावाने उरण फाट्याला किंवा मावशीने करंजाड्याला घर घेतले की त्याची प्रत काढून देता येते, आणि त्यांचे विचारण्याचे निम्मे श्रम वाचतात.

ही सगळी मांडणी आठवड्यातून एकदा तपासली नाही तर महिन्याभरात निरुपयोगी होते. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटे पुरतात. प्रत्येक प्रकल्प उघडायचा आणि पाहायचे, या आठवड्यात करता येईल असे किमान एक उपकाम त्यात लिहिलेले आहे का. नसेल तर लिहायचे. ‘वाट’चे लेबल उघडून सोमवारी कोणाला फोन करायचा ते ठरवायचे. जी ओळ आता लागू नाही ती न हळहळता काढून टाकायची. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले की अपुरी राहिलेली कामे मनात घोळत राहतात, पण ते काम कधी, कुठे, कसे करायचे याचा नेमका बेत केला की, काम झालेले नसतानाही, ती टोचणी बरीच कमी होते. रविवारच्या त्या वीस मिनिटांनंतर रात्री शांत झोप लागते त्याचे कारण हेच असावे.

आता तुमची यादी उघडा आणि तिच्यातली सर्वांत जुनी ओळ शोधा. तिचा वेगळा प्रकल्प करा, त्याखाली फक्त एक उपकाम लिहा: कोणाला फोन करून काय विचारायचे आहे. फोन नंबर टिपणात टाका आणि उद्या सकाळी अकराच्या आत तो फोन करा.